डायलच्या पोटात काय असते?

जपानच्या टायटो कंपनीने डिसेंबर २००७ मध्ये ‘अर्कानॉइड डीएस’ हा खेळ बाजारात आणला. निन्टेन्डो डीएस या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी तो तयार केलेला होता. जपानमध्ये त्याच्या जोडीला एक छोटेसे जोडउपकरणही विकले गेले. यंत्राच्या खालच्या खाचेत बसणारी आणि बोटाने गोल फिरवायची ही डायल होती. तिला ‘पॅडल कंट्रोलर’ असे नाव होते. यंत्राला स्पर्शाने चालणारा पडदा होता, दिशा दाखवणारे बटणही होते. खेळ त्या दोहोंनी खेळता येत असे. तरीही कंपनीला वेगळी डायल काढावीशी का वाटली, आणि दिसायला इतक्या साध्या वस्तूच्या आत नेमके काय घडते, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण अशा डायलचे दोन अगदी वेगळे प्रकार असतात. बाहेरून ते जुळ्या भावांसारखे दिसतात. झाकण उघडल्यावरच त्यांच्यातला फरक कळतो. कोणती डायल चाळीस वर्षांनीही दुरुस्त होऊ शकते आणि कोणती कायमची अडगळीत जाते, हेही बऱ्याच अंशी त्या फरकावर ठरते.

वेग आणि जागा

अर्कानॉइडचा खेळ सोपा आहे. पडद्याच्या वरच्या भागात विटांची भिंत असते. खाली एक आडवी फळी असते. चेंडू खाली पडू न देता फळीने परतवायचा आणि एकेक वीट फोडायची. भारतातील घरोघरीच्या संगणकांवर एके काळी खेळला जाणारा ‘डीएक्स-बॉल’ (१९९६) याच कुळातला. या कुळाचा मूळपुरुष म्हणजे अटारी कंपनीचा १९७६ सालचा ‘ब्रेकआउट’. टायटोने १९८६ मध्ये त्याच कल्पनेला नवे रूप देऊन ‘अर्कानॉइड’ काढला, तो नाणे टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावर. त्या यंत्रावरही डायलच होती.

दिशेचे बटण दाबले की फळी ठरावीक वेगाने डावीकडे किंवा उजवीकडे सरकू लागते, आणि सोडले की थांबते. म्हणजे बटणाने फळीचा वेग सांगितला जातो. फळी कुठे थांबावी हे खेळाडूला बोट वेळेवर उचलून साधावे लागते. चेंडू संथ असताना हे जमते. तो वेगाने येऊ लागला की एक तर फळी पोहोचत नाही, किंवा पोहोचून पुढे निघून जाते. डायलचे तसे नाही. ती जितकी फिरेल तितकीच फळी सरकते. मनगट झटक्याने फिरले तर फळीही झटक्याने जाते. बोट केसभर हलले तर तीही केसभर हलते. हाताची हालचाल आणि फळीची जागा यांचा थेट संबंध जुळतो. पहिल्या लोकप्रिय व्हिडिओ खेळावर, म्हणजे १९७२ सालच्या ‘पाँग’वर, डायलच बसवलेली होती, ती याच कारणाने. तिथे पडद्यावर टेबल टेनिसची बॅट होती. इंग्रजीत तिला ‘पॅडल’ म्हणतात आणि तेच नाव पुढे या डायलला चिकटले.

पहिला प्रकार : कार्बनची पट्टी

डायलची जागा यंत्राला कळवण्याचा सर्वांत जुना उपाय प्रत्येकाच्या घरात असे. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारे बटण हा तो उपाय. त्या बटणाखाली ‘पोटेन्शिओमीटर’ नावाचा भाग असतो. दुकानदार आणि दुरुस्ती करणारे त्याला नुसते ‘पॉट’ म्हणतात. त्याच्या आत घोड्याच्या नालेच्या आकाराची कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून धातूचा एक छोटा सरकता संपर्क फिरतो. वीज पट्टीच्या एका टोकाकडून या संपर्कापर्यंत जाते. संपर्क जवळ असेल तर तिला थोडाच कार्बन ओलांडावा लागतो आणि रोध कमी असतो. तो लांब गेला की रोध वाढतो. म्हणजेच रोध मोजला की डायल कुठे आहे ते समजते.

अटारीच्या १९७७ सालच्या घरगुती यंत्राची, पुढे ‘अटारी २६००’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या यंत्राची, पॅडल याच तत्त्वावर चालते. तिच्यात एक मेगाओहमचा पॉट असतो. पण त्या यंत्राला रोध थेट मोजता येत नव्हता. अभियंत्यांनी त्यावर काढलेला तोडगा आजही कौतुकास्पद वाटतो. पॉटमधून येणारी वीज एका छोट्या कपॅसिटरमध्ये साठू दिली जाते. रोध कमी असेल तर कपॅसिटर लवकर भरतो, जास्त असेल तर उशिरा. त्याच वेळी यंत्र टीव्हीच्या पडद्यावर वरून खाली एकेक रेषा काढत असते. प्रत्येक रेषेगणिक प्रोग्राम एकदा डोकावून पाहतो, की कपॅसिटर भरला का? भरेपर्यंत किती रेषा झाल्या, तो आकडा म्हणजेच डायलची जागा. नळाखाली बादली ठेवून ती भरायला लागलेल्या वेळावरून नळ किती उघडा आहे ते ओळखावे, तसा हा प्रकार आहे.

ॲपल कंपनीच्या १९७७ सालच्या ‘ॲपल टू’ या संगणकातही याच पद्धतीने डायल वाचली जात असे. त्या संगणकाचा निर्माता स्टीव्ह वॉझनियॅक याने त्याआधी अटारीसाठी ब्रेकआउटचा एक नमुना जुळवून दिला होता. ॲपल टूमध्ये रंग, आवाज आणि डायलची सोय आली ती ब्रेकआउट खेळता यावा म्हणून, असे त्याने पुढे सांगितले आहे. एका खेळाच्या डायलने घरगुती संगणकाच्या रचनेला हातभार लावला तो असा.

या पद्धतीचे दोन गुणधर्म लक्षात ठेवण्याजोगे आहेत. एक, डायल पूर्ण फिरत नाही. पट्टी जिथे संपते तिथे ती अडते. दोन, यंत्र केव्हाही सुरू केले तरी डायल कुठे आहे हे त्याला लगेच कळते. कालची जागा आठवण्याची गरज नसते. अभियंते अशा डायलला ‘निरपेक्ष’ म्हणतात.

तेच कवच, वेगळे यंत्र

अटारीनेच त्याच वर्षी ‘इंडी ५००’ या मोटारशर्यतीच्या खेळासोबत आणखी एक डायल दिली. तिला ‘ड्रायव्हिंग कंट्रोलर’ असे नाव होते. तेच काळे कवच, तसेच फिरणारे डोके, बाजूला तसेच बटण. पॅडलच्या शेजारी ठेवली तर नवख्या माणसाला दोन्हींतला फरक ओळखता येत नाही. ओळखायची खूण एकच. ही डायल कुठेच अडत नाही, कितीही वेळा फिरवा, फिरतच राहते. मोटारीला ते आवश्यकही होते. वर्तुळाकार मार्गावर एकाच दिशेने वळत राहायचे, तर सुकाणू अर्ध्यावर अडून चालणार नाही.

कवच उघडले की आत पॉट नसतो. त्याच्या जागी आसाबरोबर फिरणारी एक रचना असते आणि तिच्यावर टेकलेले दोन विद्युत संपर्क असतात. डायल फिरते तसे हे दोन्ही संपर्क आळीपाळीने जोडले आणि तोडले जातात, पण एकाच वेळी नव्हे. एक दुसऱ्याच्या किंचित मागे असतो. जोडलेल्या संपर्काला १ आणि तुटलेल्याला ० म्हटले, तर एका दिशेने फिरवताना ००, ०१, ११, १० आणि पुन्हा ०० असा क्रम येतो. उलट फिरवले की हाच क्रम उलटा होतो. प्रत्येक पायरीला दोनपैकी एकच आकडा बदलतो, त्यामुळे मधल्या क्षणी गोंधळ होत नाही. या मांडणीला ‘ग्रे कोड’ म्हणतात. एका पूर्ण फेरीत ही चार पायऱ्यांची साखळी चारदा येते, म्हणजे एका फेरीचे सोळा भाग होतात.

हे दोन संकेत यंत्रापर्यंत नेण्यासाठी नवी तारही लागली नाही. साध्या जॉयस्टिकमध्ये ‘वर’ आणि ‘खाली’ सांगणाऱ्या ज्या दोन तारा असतात, त्यांचाच वापर केला गेला. अर्थात पॅडलच्या खेळात ही डायल लावली तर फळी जागची हलत नाही. एकीकडे यंत्र रोधाची वाट पाहत असते आणि दुसरीकडे डायल शून्य आणि एकचे संकेत पाठवत असते.

या दुसऱ्या प्रकाराला ‘एन्कोडर’ म्हणतात. तो ‘सापेक्ष’ असतो. आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक नसते. कोणत्या दिशेने किती पायऱ्या सरकलो, एवढेच तो सांगतो. त्या पायऱ्यांचा हिशेब ठेवण्याचे काम पुढच्या यंत्राचे.

माउसमधील चाके

एन्कोडर म्हणजे काही अनोळखी वस्तू नव्हे. गोळीवर चालणारा संगणकाचा जुना माउस ज्यांनी साफसफाईसाठी उघडला असेल, त्यांनी दोन एन्कोडर डोळ्यांनी पाहिलेले आहेत. गोळीला टेकलेल्या दोन दांड्यांच्या टोकांना बारीक फटींची चाके असत. प्रत्येक चाकाच्या एका बाजूला प्रकाशाचा छोटा दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश ओळखणारा भाग असे. चाक फिरले की फटींतून प्रकाश जाई आणि अडे. इथेही प्रकाश ओळखण्याच्या जागा दोन असत, एकमेकींपासून पाव फटीच्या अंतराने. कोणत्या जागी प्रकाश आधी पोहोचला यावरून दिशा कळे आणि किती वेळा पोहोचला यावरून अंतर.

प्रकाशाच्या एन्कोडरचा मोठा फायदा असा, की त्यात काहीच घासले जात नाही. नाणे टाकून खेळायच्या अर्कानॉइड यंत्रात दिवसभर अनोळखी हात डायल गरागरा फिरवत. तिथे कार्बनची पट्टी फार काळ टिकली नसती. त्यामुळे मोठ्या यंत्राला अखंड फिरणारी, प्रकाशाने मोजणारी डायल बसवली गेली. हाच खेळ १९८६ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रावर आला तेव्हा मात्र टायटोने सोबत दिलेल्या डायलमध्ये पॉट होता. स्वस्त आणि घरच्या वापराला पुरेसा. एकाच कंपनीने एकाच खेळासाठी एकाच वर्षी दोन्ही प्रकार वापरल्याचे हे उदाहरण आहे.

डीएसची दुसरी खाच

२००७ साली हाच खेळ हातातल्या यंत्रावर आला, तेव्हा निवड पुन्हा अखंड फिरणाऱ्या डायलची झाली. ती शक्य झाली निन्टेन्डो डीएसला असलेल्या दोन खाचांमुळे. वरच्या खाचेत डीएसच्या खेळाचे छोटे कार्ड बसे. खालची खाच होती आधीच्या ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ या यंत्राच्या कॅसेटसाठी. जुन्या कॅसेटही चालाव्यात ही त्यामागची सोय. पण डीएसचा खेळ वरच्या खाचेतून चालू असताना खालची रिकामी राही. तिचा उपयोग करून निरनिराळी जोडउपकरणे निघाली. कुणी यंत्राला थरथर आणणारे उपकरण काढले, कुणी गिटारच्या सुरांची बटणे, कुणी पियानोच्या पट्ट्या. टायटोची डायल याच मालिकेतली.

या खाचेत ३२ संपर्क असतात. यंत्राच्या दृष्टीने पलीकडे बसलेली प्रत्येक वस्तू म्हणजे स्मृतीचा, अर्थात मेमरीचा, एक तुकडा. अमुक पत्त्यावर काय आहे, असे यंत्र विचारते आणि समोरून आकडा येतो. त्यामुळे डायलला खेळाची कॅसेट असल्याचे सोंग घ्यावे लागते, आणि त्याच वेळी आपण कॅसेट नसल्याचेही सांगावे लागते. त्याची युक्ती साधी आहे. खाचेतून एका वेळी सोळा तारांवर सोळा अंकी उत्तर वाचले जाते. डायल बसवलेली असेल तर या सोळांपैकी पंधरा तारांवर १ येतो आणि एका ठरावीक तारेवर मात्र ०. गिटारच्या आणि पियानोच्या उपकरणांनी शून्यासाठी तारांची वेगळी जुळणी निवडली होती. कोणत्या तारांवर शून्य आहे, एवढ्यावरून खेळ समजून घेतो की खाचेत कोण आले आहे.

डायलची मोजणी वाचण्याची जागाही ठरलेली आहे. कॅसेटमध्ये खेळाची प्रगती साठवणारी जी स्मृती असे, तिच्या पत्त्यांवर यंत्र दोनदा वाचन करते आणि दोन तुकडे जोडून बारा अंकी द्विमान संख्या मिळवते. ती ० ते ४०९५ यांच्या दरम्यान असते. घड्याळाच्या दिशेने फिरवले की वाढते, उलट फिरवले की घटते. पायऱ्या मोजण्याचे काम डायलच्या आतच होत असल्याने यंत्राला फक्त तयार आकडा उचलायचा असतो.

यात एक मेख आहे. डायल अखंड फिरते, पण आकडा ४०९५ च्या पुढे जाऊ शकत नाही. मोटारीच्या अंतर दाखवणाऱ्या मीटरसारखा तो पुन्हा शून्यावर येतो. समजा, मागच्या वाचनात ४०९० आले आणि आता ५ आले. नुसती वजाबाकी केली तर डायल ४०८५ पायऱ्या मागे गेली असे दिसेल आणि फळी पडद्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आदळेल. प्रत्यक्षात ती अकराच पायऱ्या पुढे गेलेली असते. सेकंदात साठदा वाचन होत असेल तर दोन वाचनांच्या मध्ये माणसाचे बोट चार हजार पायऱ्या फिरवू शकत नाही. म्हणून फरक अवाच्या सवा मोठा आला, की मीटर शून्यावरून गेला असे धरायचे आणि ४०९६ मिळवायचे किंवा वजा करायचे. निरपेक्ष डायलला हा हिशेब कधीच करावा लागत नाही. अखंड फिरण्याच्या सुखासाठी मोजलेली ही किंमत आहे.

बिघाड आणि दुरुस्ती

दोन्ही प्रकार म्हातारे होतात, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. पॉटचा आजार हळूहळू वाढतो. जुन्या रेडिओचे बटण फिरवताना खरखर येई, तोच हा आजार. कार्बनच्या पट्टीवर धूळ बसते, आतले वंगण सुकते, काही जागी पट्टी झिजते. खेळात ही खरखर ऐकू येत नाही, ती दिसते. डायल स्थिर धरली तरी फळी थरथरत राहते.

अटारीची पॅडल उघडणे फारसे अवघड नाही. आधी डोके सरळ वर ओढून काढायचे. मग खालचे दोन स्क्रू आणि आसाभोवतीची चाकी सैल केली की पॉट हाती येतो. त्याच्या धातूच्या टोपणाचे दुमडलेले कान अलगद सरळ केले की कार्बनची पट्टी दिसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ कापसाने ती पुसली, की बहुतेक वेळा थरथर थांबते. खरवडणे मात्र टाळावे लागते. कार्बनचा थर अगदी पातळ असतो आणि एकदा गेला की परत येत नाही. तेवढ्याने भागले नाही, तर पॉटच बदलता येतो. एक मेगाओहमचा पॉट हा इलेक्ट्रॉनिक्समधला सर्वसाधारण सुटा भाग आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग विकणाऱ्यांना त्याचे नाव सांगावे लागत नाही, फक्त माप सांगावे लागते.

मोजणी करणाऱ्या डायलचे दुखणे निराळे. प्रकाशाचा एन्कोडर घासून झिजत नसला, तरी चाकाच्या फटीत कचरा अडकला की पायऱ्या चुकतात. फळी थरथरत नाही, पण एका दिशेला नीट जाते आणि दुसऱ्या दिशेला अडखळते. दोनपैकी एकच संकेत येत असेल तर ती जागच्या जागी पुढे-मागे होत राहते. अशा वेळी हवेच्या फुंकरीने किंवा मऊ ब्रशने चाक साफ करणे हा पहिला उपाय. मोजणी करणारा भाग बिघडला तर मात्र मार्ग खुंटतो, कारण तो त्या एका उपकरणासाठीच बसवलेला असतो आणि बाजारात सुटा मिळत नाही. खाचेत बसणाऱ्या उपकरणांच्या बाबतीत म्हणूनच आधी बाहेरचे सोनेरी संपर्क पुसून पाहणे शहाणपणाचे. अनेकदा दोष तिथेच असतो आणि कवच उघडण्याची वेळच येत नाही.

खाच गेली, डायल उरली

टायटोच्या डायलवर खरे संकट आले ते बिघाडामुळे नव्हे. नोव्हेंबर २००८ मध्ये निन्टेन्डोने जपानमध्ये ‘डीएसआय’ हे पुढचे यंत्र आणले. ते अधिक सडपातळ होते, त्यात कॅमेरे होते, पण खालची खाच काढून टाकलेली होती. अर्कानॉइडची डायल बाजारात येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. डीएसचे खेळ नव्या यंत्रावर चालत राहिले. खाचेतली जोडउपकरणे मात्र एका फटक्यात निरुपयोगी झाली. डीएस कुळातील यंत्रांची जगभरातील एकूण विक्री १५ कोटींच्या वर गेली. त्यांतल्या जुन्या, दुसरी खाच असलेल्या यंत्रांवरच ही डायल आजही चालते.

ती पूर्ण विस्मरणात गेली नाही, याचे श्रेय डायल उघडून, तिची उत्तरे तपासून लिहून ठेवणाऱ्या हौशी तंत्रज्ञांना जाते. कोणत्या तारेवर शून्य येतो, कोणत्या पत्त्यावर मोजणी मिळते, आकडा कुठून कुठे फिरतो, हे सारे त्यांनी नोंदवले. डीएससाठी हौसेने प्रोग्राम लिहिणारे जी ‘लिबएनडीएस’ नावाची संहिता वापरतात, तिच्यात या डायलची सोय आहे. संगणकावर डीएसची नक्कल करणाऱ्या ‘डेस्म्यूम’ या प्रोग्राममध्येही ती आहे. प्रत्यक्ष डायल हाताशी नसली तरी तिच्यासाठी लिहिलेला खेळ तिच्या मूळ चालीने चालवून पाहता येतो. जुन्या खेळांचे जतन म्हणजे केवळ कॅसेटमधील मजकूर साठवणे नव्हे. खेळ ज्या हातवाऱ्यासाठी घडवला होता तो हातवारा जपणे हाही त्याचाच भाग आहे.

फिरवून चालवायची कल्पना मात्र संपलेली नाही. पॅनिक या अमेरिकी कंपनीने २०२२ मध्ये बाजारात आणलेल्या ‘प्लेडेट’ या चिमुकल्या खेळयंत्राच्या बाजूला चक्क फिरवायचा दांडा आहे. तो यंत्राचाच भाग असल्याने खाच नाहीशी होण्याची भीती नाही. पण तो दांडा असो, जुन्या रेडिओचे बटण असो वा टायटोची डायल, विकत घेणाऱ्याने आणि दुरुस्त करणाऱ्याने एकच गोष्ट आधी तपासावी. ती फिरवत गेल्यावर कुठे अडते का? अडत असेल तर आत बहुधा कार्बनची पट्टी आहे आणि ती पुसता वा बदलता येईल. अडत नसेल तर आत बहुधा पायऱ्या मोजणारी रचना आहे, आणि ती जपूनच उघडलेली बरी.